स्वमग्नता : कारणे, विकासक्रम आणि मूल्यमापन

अंगणवाडीत तीन वर्षांचे एक मूल येते. ते चालते, धावते, अंगाने सुदृढ आहे. इतर मुले बडबडगीतांवर टाळ्या वाजवीत असता ते एका कोपऱ्यात बसून खेळण्यातील गाडीचे चाक फिरवीत राहते. सेविकेने नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही. परंतु खाऊच्या डब्याचे झाकण वाजले की लगेच मान वळविते. म्हणजे त्याला ऐकू येते. ‘मुलगे जरा उशिराच बोलतात’, असे आजी सांगते. कोणी आईला दोष देतो, कोणी दृष्ट काढावयास सांगतो, कोणी नवस सुचवितो. अशा रीतीने दोन-तीन वर्षे निघून जातात आणि ज्या वयात प्रशिक्षणाचा लाभ सर्वाधिक झाला असता, नेमके तेच वय हातचे जाते.

अशा मुलाच्या बाबतीत ज्या अवस्थेची शक्यता तपासून पाहणे अगत्याचे असते, तिला मराठीत ‘स्वमग्नता’ व इंग्रजीच्या प्रभावाने सर्वत्र ‘ऑटिझम’ असे म्हटले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हे प्रमाण लक्षात घेता मध्यम आकाराच्या प्रत्येक गावात अशी मुले व प्रौढ असणारच, हे उघड आहे. त्यांची ओळख पटते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

नाव व इतिहास

‘ऑटिझम’ हा शब्द स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी योजिला. पुढे १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला आणि बालपणापासून आढळणारी ही एक स्वतंत्र अवस्था असल्याचे दाखवून दिले. पुढील वर्षी व्हिएन्ना येथील डॉ. हान्स ॲस्पर्गर यांनी बोलण्यात तरबेज, परंतु समवयस्कांत मिसळू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्याहीपूर्वी, १९२० नंतरच्या दशकात, मॉस्को येथील डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच सहा मुलग्यांविषयी लिहिले होते. मात्र त्यांच्या कार्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

लंडनमधील लोर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतून असे दिसून आले की, ही लक्षणे सर्व मुलांत सारख्या प्रमाणात नसतात. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही अस्खलित बोलतात. काहींना बौद्धिक अक्षमताही असते, तर काहींची बुद्धी तल्लख असते. इंद्रधनुष्यातील रंग जसे एकमेकांत मिसळत जातात, तसाच हा प्रकार असल्याने ‘वर्णपट’ ही कल्पना पुढे रूढ झाली. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात पूर्वीचे निरनिराळे पोटप्रकार एकत्र करून ‘स्वमग्नता वर्णपट विकार’ हे एकच नाव स्वीकारण्यात आले आहे.

कारणांचा शोध

या विषयाच्या इतिहासातील सर्वांत खेदजनक प्रकरण म्हणजे मातेवर ठेवण्यात आलेला ठपका होय. ही अवस्था जन्मजात असावी, असे कॅनर यांनी आपल्या निबंधाच्या शेवटी म्हटले होते. परंतु आईवडिलांच्या थंड स्वभावाचाही त्यांनी उल्लेख केला होता. त्यातूनच ‘मायेची ऊब न देणारी आई’ हेच कारण, असा समज पसरला. शिकागो येथील ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथाने त्यास अधिक बळ दिले आणि असंख्य माता अपराधी भावनेने खचून गेल्या. या मताला अगोदरच, म्हणजे १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात आव्हान दिले होते. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते.

१९७७ मध्ये सुसान फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजांडापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. भिन्न बीजांडांच्या १० जोड्यांत एकही जोडी तशी नव्हती. घर एकच, आई एकच, संगोपनही एकच. तरीही फरक पडला तो रक्ताच्या नात्यातील साम्याने. या अभ्यासाने संशोधनाची दिशा बदलली. २०१९ मध्ये पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या माहितीवर आधारित अभ्यासात स्वमग्नतेतील सुमारे ८० टक्के तफावत आनुवंशिक घटकांमुळे असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

याचा अर्थ एखादा एकच ‘स्वमग्नतेचा जनुक’ असतो असा नव्हे. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा यात असतो. काही मुलांत मात्र फ्रॅजाइल एक्स किंवा ट्यूबरस स्क्लेरोसिससारखा एखादा ठळक जनुकीय विकार आढळतो. मेंदूतील पेशींची जोडणी गर्भावस्थेपासूनच वेगळ्या रीतीने होत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. मातापित्यांचे वाढलेले वय, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि गर्भारपणात फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट हे औषध घेणे या गोष्टींनी शक्यता काही अंशी वाढते. तथापि असे औषध चालू असलेल्या स्त्रीने ते आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

लसीकरणाविषयीच्या गैरसमजाचाही येथे परामर्श घेणे आवश्यक आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ १२ मुलांच्या आधारे गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या संयुक्त लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. पुढे त्यातील गैरप्रकार उघडकीस आले. २०१० साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या लसीमुळे स्वमग्नतेचे प्रमाण वाढत नसल्याचे पुन्हा स्पष्ट झाले. उलट, गर्भवतीस रुबेला झाल्यास बाळात स्वमग्नतेची शक्यता वाढते, हे अमेरिकेतील १९६४ च्या साथीनंतरच्या पाहणीत आढळले होते. तेव्हा लस टाळणारे पालक नसलेल्या धोक्याला भिऊन असलेल्या धोक्याला घरात घेतात.

विकासक्रम

स्वमग्नतेची लक्षणे बहुधा वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात. वर्षाच्या सुमारास सर्वसाधारण मूल नावाने हाक मारताच वळते, हवी ती वस्तू बोटाने दाखविते. आकाशात विमान दिसले तर स्वतः पाहते, मग आईकडे पाहते आणि तिनेही ते पाहिले याची खात्री करून घेते. आपला आनंद दुसऱ्याबरोबर वाटून घेण्याची ही कृती साधी वाटते. परंतु भाषेचा पाया तिच्यावर उभा असतो. स्वमग्न मुलात नेमकी हीच कृती क्षीण असते. ते हवी ती वस्तू मिळविण्यासाठी मोठ्या माणसाचा हात धरून त्या वस्तूपाशी नेते.

सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणे आणि कोणत्याही वयात आलेली भाषा किंवा मिसळण्याची वृत्ती नाहीशी होणे, या गोष्टींची तातडीने दखल घ्यावयास हवी. काही मुले दीड वर्षाच्या आसपास बोललेले शब्द पुन्हा गमावितात. ज्यांना भाषा येते त्यांच्यातही ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारण्याची सवय आढळते. ‘तुला पाणी हवे का?’ असे आई रोज विचारते. म्हणून तहान लागली की मूलही ‘तुला पाणी हवे का?’ असेच म्हणते. ते थट्टा करीत नसते, मागणी करीत असते.

याशिवाय हात फडफडविणे, वस्तूंच्या रांगा लावणे, ठरलेल्या वाटेत किंवा क्रमात बदल झाल्यास आकांत करणे, कुकरच्या शिटीने वा लाऊडस्पीकरच्या आवाजाने कान झाकून घेणे, ठराविक स्पर्श असह्य होणे ही लक्षणे असतात. मुलग्यांत याचे निदान मुलींच्या तीन ते चार पट होते. मुलींची लक्षणे झाकली जाऊन त्या दुर्लक्षित राहतात, हेही त्याचे एक कारण आहे.

स्वमग्नता हा आयुष्यभराचा सोबती आहे. गोळी-औषधाने ती ‘बरी’ होत नाही. ती पूर्णपणे घालविण्याची हमी देणाऱ्या खर्चिक उपचारांपासून पालकांनी सावध राहावे. मूलपेशी उपचारांची या बाबतीतील उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. मात्र लहान वयात सुरू केलेले भाषा व वर्तनविषयक प्रशिक्षण, चित्रांच्या साहाय्याने संवाद आणि पालकांचा सहभाग यांनी मुलाच्या जगण्यात मोठा फरक पडतो. अनेक स्वमग्न व्यक्ती शिक्षण घेतात आणि नोकरी करतात. काहींना मात्र जन्मभर आधाराची गरज लागते.

मूल्यमापनाची पद्धत

रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने स्वमग्नतेचे निदान होत नाही. मुलाचे निरीक्षण, पालकांकडून मिळालेला विकासाचा इतिहास आणि प्रमाणित कसोट्या हीच निदानाची साधने होत. पहिली पायरी चाळणीची. सोळा ते तीस महिने वयाच्या मुलांसाठी पालकांना विचारावयाच्या वीस प्रश्नांची ‘एम-चॅट’ ही सूची जगभर वापरली जाते. चाळणीत शंका आली म्हणजे निदान झाले, असे समजू नये. सर्वप्रथम श्रवणशक्तीची तपासणी करून घ्यावी व नंतर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा.

भारतासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय मानसिक अपंगत्व संस्थेने ‘आयएसएए’ ही मूल्यमापन श्रेणी तयार केली आहे. तीत सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तन, संवेदना आणि आकलन अशा सहा विभागांत ४० बाबी आहेत. प्रत्येक बाबीस १ ते ५ गुण देण्यात येतात. एकूण गुण ७० पेक्षा कमी असल्यास स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र, असे मानले जाते. २०१६ साली केंद्र शासनाने प्रमाणपत्रासाठी ही श्रेणी स्वीकारली.

कायदा आणि आपली जबाबदारी

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयक कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची प्रथम दखल घेतली. अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमण्याची तरतूद या अधिनियमात असून ते काम जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती करते. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याची सोय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता समाविष्ट असून ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात आणि शंका आल्यास मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. पथक गावात येईल त्या दिवशी ते मूल अंगणवाडीत हजर असेल, एवढे जरी सेविका, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांनी पाहिले तरी मोठे काम होईल. पुढच्या फेऱ्यांना लागणारे गाडीभाडे कित्येक कुटुंबांना परवडत नाही. तेथे ग्रामपंचायतीच्या दिव्यांग कल्याण निधीचा विचार व्हावा.

शिक्षकांनी वर्गात दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, सूचना थोड्या शब्दांत द्याव्यात, बदल होणार असल्यास आधी सांगावे आणि गोंगाट असह्य झाल्यास बसावयास एक शांत कोपरा ठेवावा. यासाठी पैसा लागत नाही. कान झाकून बसलेल्या मुलाला हट्टी म्हणून शिक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय होय.

आणि गावात कोणी त्या मुलाच्या आईस दोष देऊ लागला, तर जाणत्या माणसाने तेथल्या तेथे सांगावे की, शास्त्राने हा आरोप केव्हाच खोटा ठरविला आहे. तिला आता बोल नको आहे; मुलाला तपासणीस नेताना कोणीतरी सोबत हवे आहे.