हिवाळ्यात नाव काठावर ठेवताना



दिवाळी झाली, पूर्णेचं पाणी ओसरलं की पैलतीरच्या वावरात जायची छोटी अ‍ॅल्युमिनियमची नाव काठावर ओढली जाते. मग मृगापर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, हा आपला समज अर्धाच खरा आहे. हवेने त्यावर पातळ थर धरतो, तोच त्याचे रक्षण करतो. खारपाणपट्ट्यातली खारी माती आणि दव मिळून तो थर फोडतात.

एका सभासदाने नावेत मोरचुदाचं पोतं ठेवलं. दवाने ते पाझरलं आणि मोरचुदातल्या तांब्याने बुडाला टाचणीएवढी भोकं पाडली. मृगाआधी दिसलं म्हणून निभावलं. भर पुरात कळलं असतं तर?

म्हणून नाव विहिरीच्या खाऱ्या नव्हे, गोड्या पाण्याने धुवा. राख, सोडा लावू नका. कोरड्या लाकडी ओंडक्यांवर पालथी घाला, एक टोक उंच ठेवा. ताडपत्री टाका, पण बाजूने हवा खेळू द्या. खत, चुना, सिमेंट जवळ नको. वावधनात उडू नये म्हणून दोराने बांधा. मृगाआधी आत थोडं पाणी ओतून कुठे गळतं ते पाहा.

ऊसतोडीच्या धांदलीत तासभर जाईल; पण त्या नावेत आपलीच लेकरं बसतात.

— ऊस विकास अधिकारी