चार चित्रांचे एक चित्र

सह्याद्रीच्या उंच कड्यावर उभे राहिले, म्हणजे दृष्टी एका जागी ठरत नाही. हरिश्चंद्रगडावरील कोकणकडा पाहावयास गेलेल्या प्रत्येकास हा अनुभव येतो. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वळत गेलेला तो प्रचंड कडा आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेले कोकण पाहण्यासाठी मान डावीकडून उजवीकडे वळवावी लागते. कॅमेऱ्याला मात्र मान वळविता येत नाही. चौकटीत मावेल तेवढेच तो टिपतो. बाकीचे सोडून देतो.

विस्तीर्ण दृश्य एका चित्रात आणण्याची मनुष्याची हौस जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली सभोवारचे सर्व दृश्य दाखविणाऱ्या चित्राचे पेटंट घेतले. १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात त्याने अशा चित्रांसाठी एक वर्तुळाकार इमारत उघडली. प्रेक्षक मध्यभागी उभे राहत आणि चित्र त्यांच्या चहूबाजूंनी असे. अशा चित्राला 'पॅनोरामा' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत 'पॅन' म्हणजे सर्व आणि 'होरामा' म्हणजे दृश्य.

आज हेच काम खिशात मावणारा डिजिटल कॅमेराही करू शकतो. एका जागी उभे राहून, कॅमेरा थोडा थोडा वळवीत ओळीने छायाचित्रे घ्यावयाची आणि मग ती संगणकावर जोडावयाची. प्रत्येक चित्रात मागील चित्राचा सुमारे एक-तृतीयांश भाग पुन्हा यावा लागतो. त्या समान भागावरूनच संगणक सांधा जुळवितो. ज्या भिंगावर २८ मिलीमीटर असा आकडा असतो, ते आडव्या दिशेने सुमारे ६५ अंशांचे दृश्य टिपते. अशा कॅमेऱ्याने अर्धे क्षितिज, म्हणजे १८० अंश, चार चित्रांत येते.

मग याकरिता कॅमेरा कोणता घ्यावा? दुकानात गेल्यावर प्रथम मेगापिक्सेलचा मोठा आकडा दाखविला जातो. परंतु येथे थोडे गणित करून पाहावे. बारा मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी ४००० आणि उंची ३००० बिंदू असते. अशी चार चित्रे जोडली, की सुमारे १२००० बिंदू रुंदीचे, म्हणजे साडेतीन कोटींहून अधिक बिंदूंचे चित्र तयार होते. कॅमेरा उभा धरला, तर चित्रे सहा घ्यावी लागतात. पण बिंदूंची संख्या पाच कोटींवर जाते आणि आकाश व दरीही अधिक मावते. तेव्हा मोठ्या आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

खरी पारख दुसरीच आहे. सूर्य पश्चिमेकडे कलला असताना कोकणकड्यावरून चित्रे घ्यावयाची आहेत, असे समजा. समोरच्या चित्रात झगझगीत आकाश येते. म्हणून कॅमेरा आपण होऊन प्रकाश कमी करतो. शेजारच्या चित्रात कड्याची सावली येते. तेथे तो प्रकाश वाढवितो. एकेकटे पाहिले, तर प्रत्येक चित्र चांगलेच असते. जोडल्यावर मात्र आकाशात उभे पट्टे दिसू लागतात. रंगांचेही तसेच होते. एका चित्रात निळसर दिसणारा डोंगर दुसऱ्यात पिवळसर होतो. तो क्षण तर निघून गेलेला असतो. घरी आल्यावर हा दोष पूर्णपणे काढणे कठीण जाते.

म्हणून ज्या कॅमेऱ्यात प्रकाशाचे प्रमाण, रंगांचा समतोल आणि भिंगाची स्पष्टता या तिन्ही गोष्टी आपल्या हाताने ठरवून कायम ठेवता येतात, तो कॅमेरा या कामाला योग्य होय. सर्वांत उजळ भाग पांढराफटक पडणार नाही, अशा बेताने प्रकाश एकदाच ठरवावा आणि शेवटच्या चित्रापर्यंत तो बदलू नये. झूमही मध्येच हलवू नये. याशिवाय कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी आट्यांचे छिद्र असावे, म्हणजे तो न डळमळता समपातळीत वळविता येतो. भिंग सरळ रेषा वाकड्या दाखवीत नाही ना, हे पाहण्यासाठी दुकानातच दाराच्या चौकटीचे एक चित्र घेऊन पाहावे.

एक साधा प्रयोग करा. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा आणि डोके डावीउजवीकडे वळवा. मागच्या भिंतीवर अंगठ्याची जागा सरकताना दिसेल. कॅमेरा हात लांब करून फिरविला, तर जवळच्या वस्तूंचे असेच होते आणि कठड्याचे गज सांध्यापाशी तुटलेले दिसतात. याकरिता वळण्याचा आस शक्य तितका भिंगाजवळ ठेवावा. दूरच्या डोंगरांना ही अडचण सहसा येत नाही.

सोनी या जपानी कंपनीने २००९ साली कॅमेरा नुसता फिरविताच सलग चित्र तयार करणारी सोय आपल्या लहान कॅमेऱ्यात आणली. आता ती मोबाइल फोनमध्येही आढळते. घाईच्या वेळी ती उपयोगी पडते. तथापि बारकावे हवे असतील, तर वेगवेगळी चित्रे घेऊन ती जोडणेच श्रेयस्कर ठरते.

एकट्या चित्राला आपल्यापुरते उजळ होता येते. ज्याला शेजाऱ्याशी जुळावयाचे असते, त्याने मात्र सर्वांचे प्रमाण पाळले पाहिजे. कॅमेरा निवडताना, तो प्रमाण पाळू शकतो की नाही, हेच आधी पाहावे.

स्वाध्याय

१. जोडलेल्या चित्रातील आकाशात उभे पट्टे का दिसतात?
२. कॅमेरा उभा धरल्याने कोणते दोन लाभ होतात?
३. अंगठ्याचा प्रयोग करून पाहा व काय दिसले ते आपल्या शब्दांत लिहा.