कापसाची सावली

दिवाळी उलटली की अकोल्याकडे मामाच्या घरी एक खोली कापसानं भरते. तिथून फुटलेली चार बोंडं टरफलासकट अमरावतीला आणली आणि त्यांच्यावरच मी फ्लॅश शिकले.

पहिल्या दिवशी फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच होता. समोरून उजेड आला आणि धागा न् धागा पुसून गेला. मामीनं फोटो पाहिला. "हा कापूस होय का थर्माकोल, बाप्पा?" तिचं खरं होतं.

मग फ्लॅश खाली उतरवला. ट्रिगर लावून तो बोंडाच्या डाव्या अंगाला, त्याच्याच उंचीवर ठेवला. शटर १/२००, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्यायचा. तो पार काळा यायला हवा. खिडकी, ट्यूबलाइट, काही त्यात उतरता कामा नये. पुढं जे दिसेल ते मग फक्त आपल्या दिव्याचं. ही पायरी मी आजही गाळत नाही. कमी ताकदीवरचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही, पडताना तो डोळ्याला सापडत नाही. त्याचा माग सावलीवरूनच काढायचा.

सावली कापल्यासारखी येत होती. मधे लाकडी चौकटीवर ताणलेला बटर पेपर धरला. फ्लॅशनं कागद उजळतो आणि बोंडाला दिवा दिसतो तो कागदाएवढा. कागद जवळ सरकवला तशी सावलीची कड विरघळत गेली, आतल्या सरकीचे उंचवटे वर आले. फ्लॅशचं अंतर मात्र जपावं लागतं. ते दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो.

वरुडच्या संत्र्याला हाच तिरपा उजेड मानवला, सालीवरचा तेलाचा एकेक ठिपका उठला. पितळी तांब्यानं चार संध्याकाळी खाल्ल्या. त्याच्या पोटात अख्खी खोली दिसते, मीसुद्धा. शेवटी दोन्ही बाजूंनी कागद उभे केले, तेव्हा कुठं पितळ पितळासारखं दिसलं.

बोंडाचा नवा फोटो मामीला दाखवला. तिनं मोबाइल जवळ घेतला, बोटांनी मोठा केला आणि एका पाकळीवर थांबली. तिथं धागा पिवळट, चिकटलेला होता.

"हे पाय, इथं कवडी हाय. वेचताना हे वेगळं टाका लागते."

मी ते बोंड बदललं नाही.