पालामास, ग्रेगरी
(सु. १२९६–सु. १३५७). बायझंटिन धर्मशास्त्रज्ञ, थेसालोनायकीचा आर्चबिशप व पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथातील एक संत. जन्म कॉन्स्टँटिनोपल येथे एका सरदार घराण्यात. थीओडोर मेटोकायटीझ या विद्वानाकडे त्याने ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राचे अध्ययन केले. तथापि राजसेवेकडे न वळता सु. १३१६ मध्ये तो ग्रीसमधील ॲथॉस पर्वतावरील मठात दाखल झाला.

ॲथॉसवरील साधूंची ध्यानपद्धती ‘हेसिकॅझम’ (निःशब्द शांततेची साधना) या नावाने ओळखली जाते. एकांतात मान झुकवून व श्वास संथ करून हे साधू येशूला उद्देशून केलेल्या एका लहानशा प्रार्थनेचा अखंड जप करीत. चित्तशुद्धी झालेल्या साधकास ईश्वरी प्रकाशाचे दर्शन घडते आणि ताबोर पर्वतावर येशूच्या शिष्यांना दिसलेला प्रकाश तो हाच, अशी त्यांची श्रद्धा होती. कॅलेब्रियाहून (दक्षिण इटली) आलेला ग्रीक पंडित बार्लाम याने सु. १३३७ पासून या पद्धतीवर कठोर टीका केली. आत्मा बेंबीत आहे असे मानणारे लोक, अशी त्याने साधूंची संभावना केली. ईश्वर अज्ञेय असल्याने दृष्टीस पडणारा प्रकाश हा निर्मित पदार्थच असला पाहिजे, असे त्याचे मत होते.

ईश्वर सर्वथा अज्ञेय असेल, तर मानवास त्याचा अनुभव कसा येतो, हा या वादातील मूलभूत प्रश्न होय. पालामासने त्रयी या ग्रंथात (१३३८–४१) त्याचे उत्तर दिले. ईश्वराचे सत्त्व मानवास सदैव अगम्य असते. त्याच्या शक्ती मात्र अनुभवता येतात. सूर्यबिंब आवाक्याबाहेर असले, तरी किरण आपल्यापर्यंत पोहोचतात, तसेच हे आहे. या शक्ती अनिर्मित असून त्यांच्या द्वारे प्रत्यक्ष ईश्वरच प्रकट होतो. शरीरही या अनुभवात सहभागी होते, असे त्याने प्रतिपादिले. या भेदामुळे ईश्वराचे एकत्व भंग पावते, असा आक्षेप ग्रेगरी अकिंडिनस व नायसेफोरस ग्रेगोरस यांनी घेतला.

कॉन्स्टँटिनोपल येथील १३४१ च्या धर्मपरिषदेने पालामासच्या बाजूने निर्णय दिला. परंतु त्याच वर्षी उद्‌भवलेल्या यादवी युद्धात त्याला कारावास भोगावा लागला. १३४७ मध्ये त्याची आर्चबिशपपदी नेमणूक झाली. तरी झेलट पक्षाच्या विरोधामुळे १३५० पर्यंत त्यास थेसालोनायकीत प्रवेश मिळाला नाही. १३५१ च्या परिषदेने त्याच्या सिद्धांतास पुन्हा मान्यता दिली. १३५४ मध्ये तो ऑटोमन तुर्कांच्या हाती सापडला. सु. एक वर्षाच्या बंदिवासात त्याने मुस्लिम विद्वानांशी धर्मचर्चा केली. थेसालोनायकी येथे तो मरण पावला. १३६८ मध्ये त्यास संतपद देण्यात आले.

पालामासची शिकवण ऑर्थोडॉक्स पंथात अधिकृत मानली जाते. पाश्चात्त्य धर्मशास्त्रज्ञांत मात्र ती दीर्घकाळ वादग्रस्त राहिली. विसाव्या शतकात व्लादीमिर लॉस्की, जॉन मायेनडॉर्फ इ. अभ्यासकांच्या लेखनामुळे तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.