कॉडल इंजेक्शन: भीती एकीकडे, काळजी दुसरीकडे

‘मुलाच्या मणक्यात सुई टोचू देऊ नका, जन्मभर कंबर धरेल.’ लहान मुलाच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरातलं कुणी ना कुणी हा सल्ला देतंच, आणि त्यात चांगली शिकलीसवरलेली माणसंही असतात. या एका वाक्यापायी आईवडील कॉडल ब्लॉकला, म्हणजे माकडहाडाजवळ टोचून कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या इंजेक्शनला, नकार देतात आणि मूल शुद्धीवर येतं ते कळवळतच. म्हणून हा गैरसमज मुळापासून तपासायला हवा. मणक्यातली सुई म्हटलं की मज्जारज्जूला धक्का लागेल, पाय लुळे पडतील, असं लोकांना वाटतं. पण मज्जारज्जू मणक्याच्या टोकापर्यंत जातच नाही. नवजात बाळात तो कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो, पुढे वाढत्या वयात आणखी वर. कॉडलची सुई त्याच्या बरीच खाली, माकडहाडाच्या किंचित वर टोचतात. मुलाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घेतात. तिथे चाचपलं की बोटाला हाडाचे दोन बारीक उंचवटे लागतात. त्यांच्यामधली खाच पातळ पडद्याने झाकलेली असते, आणि तो पडदा ओलांडला की सुई थांबवायची. तान्ह्या बाळात मज्जारज्जूभोवतालची पाण्याची पिशवी थोडी खालपर्यंत आलेली असते, त्यामुळे तिथे सुई अगदी जपून, जेमतेम आत नेतात. मग सिरिंज मागे ओढून रक्त किंवा पाणी येत नाही ना हे पाहायचं, आणि मॉनिटरवर नजर ठेवून औषध सावकाश सोडायचं.

‘पण सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन घेतलं, तेव्हापासून माझी कंबर दुखतेच आहे,’ असं सांगणाऱ्या बायकांची कंबर खरोखर दुखत असते. प्रश्न कारणाचा आहे. गरोदरपणात कमरेवर पडलेला ताण, सैल झालेले सांधे आणि त्यानंतर दिवसभर बाळाला उचलणं हे सगळं विसरलं जातं, लक्षात राहते ती सुई. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 369 बाळंतिणींपैकी कुणाला एपिड्युरल (पाठीतून दिलेलं बधिर करणारं औषध) आणि कुणाला दुसरे वेदनाशामक उपाय द्यायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. पुढे दोन्ही गटांत कंबरदुखीचं प्रमाण सारखंच निघालं. मुलांच्या बाबतीत तर पुरावा याहून थेट आहे. अमेरिकेतल्या बालभूलतज्ज्ञांच्या संयुक्त नोंदणीतल्या 18,650 कॉडल ब्लॉकचा आढावा 2015 मध्ये आला. त्यात अडचणी आल्या त्या 1.9 टक्के मुलांत, आणि त्याही मुख्यतः ब्लॉक न लागणं किंवा सुई रक्तवाहिनीत जाणं अशा. मागे काही त्रास उरलेलं एकही मूल त्यात आढळलं नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की मुलाला झोपवणारच आहात, तर आणखी एक सुई कशाला? भूल दिल्यावर मुलाला जाणीव नसते, पण चिरा बसल्याचा संदेश मज्जारज्जूकडे जातच असतो, नाडी वाढते, म्हणून झोपेचं औषध जास्त लागतं. कॉडलने तो संदेश वाटेतच अडतो, झोपेचं औषध कमी पुरतं, आणि हर्निया, हायड्रोसील किंवा न उतरलेल्या अंडाच्या ऑपरेशननंतर पहिले चार ते सहा तास मूल शांत राहतं. झोपलेल्या मुलाला ब्लॉक देणं हा निष्काळजीपणाही नव्हे. युरोप आणि अमेरिकेतल्या विभागीय भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 च्या संयुक्त निवेदनात हीच पद्धत सुरक्षित ठरवली आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. तान्ह्यांना वेदना कळत नाहीत ही समजूत आनंद आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्येच लॅन्सेटमध्ये खोटी ठरवली. भुलेने बुद्धी मंदावते या भीतीसाठी 722 तान्ह्या बाळांचा अभ्यास आहे: तासाभराच्या आतली पूर्ण भूल आणि जागेपणी दिलेला मणक्यातला ब्लॉक यांत पाचव्या वर्षी बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. ऑपरेशननंतर काही तास पाय जड वाटणं म्हणजे लकवा नव्हे. आणि ‘नुसतं इंजेक्शनच आहे’ म्हणून आधी दूध पाजू नका, कारण सोबत झोपेची भूल असतेच.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. 2015 च्या त्याच आढाव्यात जवळपास चौथ्या हिश्शाच्या मुलांना बुपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या हिशेबात किलोमागे 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त औषध दिलेलं आढळलं. हे औषध जास्त प्रमाणात रक्तात उतरलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. वर दिलेले चांगले आकडे हात बसलेल्या भूलतज्ज्ञांचे आणि सुसज्ज थिएटरांचे आहेत, ते आपल्याकडच्या प्रत्येक नर्सिंग होमला आपोआप लागू होतील असं मानू नये, हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणून कंबरदुखीबद्दल विचारण्याऐवजी विचारा, की औषधाचा डोस आजच्या वजनावर काढला आहे का, आणि विषबाधेवर द्यायचं 20 टक्के लिपिड इमल्शन थिएटरमध्ये हाताशी आहे का. मुलाच्या कमरेखाली खळगा, केसांचा पुंजका किंवा पुरळ असेल, किंवा घराण्यात रक्त लवकर न थांबण्याचा त्रास असेल, तर भूलतज्ज्ञांनी विचारण्याची वाट न पाहता ते आधीच सांगा.