पोराचे पहिले घर आणि पंचायतीचा कागद



गळीत संपल्यावर आम्ही शेतकी खात्याची माणसे गणदेवीकडचा ऊस पाहायला निघालो होतो. तलासरी ओलांडून गुजरातच्या हद्दीजवळ अच्छाडला चहाला थांबलो. हॉटेलामागे एका वारली तरुणाच्या दोन खोल्यांचे जोते वर आले होते. "परवाना मिळाला का?" मी विचारले. तो म्हणाला, "साहेब, जागा सोळाशे फुटांच्या आतली. कागद पंचायतीत दिले, पोच घेतली."

मला ओशाळल्यासारखे झाले. आपल्याच गटातल्या एका सभासदाच्या पोराने विटा आणून वर्ष झाले. पोराचे लग्न ठरलेले, खोडव्याचे बिल सिमेंटात गेलेले आणि गावठाणातले काम "नगररचनेचा शिक्का आणा" एवढ्या बोलण्यावर अडलेले. दोघेही तालुक्याला खेटे घालत होते.

वास्तविक फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावेळचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी हा प्रश्न मोकळा केल्याचे जाहीर केले होते. ग्रामीण भागात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला परवानगी लागत नाही. मालकीचा कागद, नकाशे आणि ते नियमानुसार असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला पंचायतीत द्यायचा, विकास शुल्क भरायचे आणि पाया खणायचा. १६०० ते ३२०० फुटांपर्यंत पंचायतीचा दाखला लागतो, नगररचनाकाराचा नाही. म्हणजे छोटे घर अडवण्याचा पंचायतीचा अधिकार शासनानेच आखडता घेतला. चांगले झाले, असे माझे मत.

मात्र ही सूट बांधकामाच्या परवान्यापुरती आहे. उभ्या उसाच्या गटात घर काढायचे तर जमिनीच्या वापराचे नियम आहेतच. अच्छाडकडे तर महसूल संहितेच्या ३६-अ कलमाने आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही. हे बंधन सैल व्हावे असे मी कधीच म्हणणार नाही.

आणखी एक. परवाना नाही म्हणून पायरी रस्त्यात काढू नका. गेल्या हंगामात एका नव्या ओट्यामुळे भरलेली ट्रॉली वळेना, ऊस दोन दिवस फडातच वाळला. अशा वेळी पंचायतीने बोलायलाच हवे.

त्या पोराचे कागद परवा पंचायतीत दिले. पोच मी स्वतः पाहिली. दोरी टाकताना बैलगाडीची वाट त्याने आपणहून चार हात जास्त सोडली.