विंडोज नव्याने टाकल्यावर हिशेब दिसेनासा झाला तर...

आमचे सदरमधील कापडाचे दुकान जुने आहे. वडिलांच्या काळात हिशेब लाल वह्यांत उर्दूत लिहिला जात असे. पुढे मुलांच्या आग्रहाने आम्ही तो कॉम्प्युटरवर आणला. सुरत, भिवंडी आणि इचलकरंजीहून आलेला माल, गांधीबागच्या ठोक व्यापाऱ्यांचे देणे, शिंप्यांची उधारी, आरीकाम करणाऱ्या कारागिरांची मजुरी, सारे एका डब्यात आले. काम हलके झाले आणि आम्ही निश्चिंत झालो. ही निश्चिंतीच आम्हाला महागात पडली.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. त्यानंतर अनेक दुकानदारांनी आपापल्या यंत्रांत विंडोज नव्याने टाकून घेतले. आम्हीही ओळखीच्या एका मुलाला बोलावले. त्याने विचारले, "चाचा, सी ड्राइव्हमध्ये काही कामाचे आहे का?" आम्ही मोठ्या ठामपणे म्हणालो, "सगळा हिशेब डी मध्ये आहे." वास्तविक डी मध्ये फक्त मार्च २०२५ पर्यंतचे बॅकअप होते. चालू वर्षाचे काम सी मध्येच चालले होते. त्या मुलाने घाईत जुने सगळे भाग पुसून एकच नवा भाग केला. यंत्र सुरू झाले, ते वेगाने चालू लागले आणि त्यात आमची एकही वही नव्हती.

त्यानंतरची चूक मात्र आमचीच. दुकान बंद ठेवायचे नाही म्हणून आम्ही त्याच यंत्रावर टॅली पुन्हा टाकली, प्रिंटर जोडला आणि दोन दिवस बिले फाडली. ते दोन दिवस किती महाग होते हे नंतर कळले. व्यापारी बांधवांवर अशी वेळ येऊ नये आणि आलीच तर त्यांनी आमच्यासारखी चूक करू नये, म्हणून हा लेख.

माल गोदामातच असतो

डिस्कचे काम आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. डिस्क हे एक मोठे गोदाम समजा. त्यात भिंती घालून खोल्या केलेल्या असतात. त्यांनाच आपण सी, डी म्हणतो. कोणती खोली कुठून कुठपर्यंत आहे, याची पाटी गोदामाच्या दाराशी असते. प्रत्येक खोलीत एक स्टॉक रजिस्टर असते. कोणते थान कोणत्या फळीवर आहे, हे त्यात लिहिलेले असते. माल स्वतः फळ्यांवर असतो.

नव्याने विंडोज टाकताना भाग पुसला, तर बहुधा दाराची पाटी बदलते. झटपट फॉरमॅट केला, तर जुने रजिस्टर बाजूला पडून कोरे रजिस्टर येते. दोन्ही वेळी फळ्यांवरचा बहुतेक माल जागचा हललेला नसतो. कॉम्प्युटर मात्र नवी पाटी आणि नवे रजिस्टर पाहून सांगतो की गोदाम रिकामे आहे.

धोका इथेच सुरू होतो. यंत्राला फळी रिकामी वाटते, म्हणून तो नवा माल त्याच फळीवर रचतो. विंडोजच्या स्वतःच्या फाइली, नव्याने टाकलेली टॅली, इंटरनेटवरून उतरलेल्या सुधारणा आणि आमची दोन दिवसांची बिले अशीच जुन्या मालावर रचली गेली. जिथे नवे लिहिले गेले, तिथले जुने परत येत नाही. जगातला कोणताही कारागीर ते आणू शकत नाही. म्हणून पहिला नियम असा की, डेटा दिसेनासा झाला हे कळताच यंत्र बंद करावे. त्याच यंत्रावर डेटा काढण्याचे सॉफ्टवेअर उतरवून घेणे हेसुद्धा जुन्या मालावर नवा माल रचणेच होय.

झटपट फॉरमॅट आणि पूर्ण फॉरमॅट यांतही फरक आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट केला, तर सगळ्या फळ्यांवर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर आशा उरत नाही.

आधी दुखणे ओळखा

"डिस्क उघडत नाही" एवढ्यावरून रोग कळत नाही. लक्षणे वेगळी असतात आणि इलाजही वेगळे असतात.

१) डिस्क दिसते, पण फोल्डर उघडताना परवानगी नाही असे येते. हे हलके दुखणे आहे. फाइली जुन्या विंडोजमधील वापरकर्त्याच्या नावावर आहेत. त्यांची मालकी नव्या नावावर करून घेतली की त्या उघडतात.

२) डिस्क जोडलेली आहे, पण डी किंवा ई असे अक्षर दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये भाग व्यवस्थित दिसत असेल, तर त्याला अक्षर दिले की काम होते.

३) सी ड्राइव्ह फॉरमॅट न करता वरूनच विंडोज टाकले असेल, तर जुना माल विंडोज-ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये मिळू शकतो. तिथून तो लगेच दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. साधारण १० दिवसांनी विंडोज तो फोल्डर आपणहून काढून टाकते.

४) "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" असा संदेश येतो किंवा डिस्क रॉ दिसते. याचा अर्थ रजिस्टर वाचता येत नाही. इथे फॉरमॅटचे बटण कदापि दाबू नये. चेकडिस्कही चालवू नये. ती दुरुस्तीच्या नावाखाली रजिस्टरमध्ये खाडाखोड करते आणि पुढचे काम बिघडवते.

५) जुन्या भागाच्या ठिकाणी रिकामी जागा दिसते किंवा आमच्यासारखा सगळ्यांचा मिळून एकच भाग झालेला असतो. इथे जुनी पाटी शोधावी लागते. टेस्टडिस्क नावाचे मोफत सॉफ्टवेअर हे काम करते.

६) डिस्क ४८ अंकी किल्ली मागते. ही बिटलॉकरची कुलूपबंदी. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नवे विंडोज सुरू केले, की अनेक यंत्रांत हे कुलूप आपोआप लागते. मालकाला त्याची खबरही नसते. किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, म्हणून कोणत्या ई-मेलने खाते उघडले होते ते आठवावे. किल्ली नसेल, तर आतला माल मिळत नाही.

७) डिस्कमधून टकटक आवाज येतो. हा विंडोजचा दोष नव्हे, यंत्राचा आहे. लगेच वीज बंद करावी. घरी काही करू नये आणि डिस्कचे झाकण तर मुळीच उघडू नये.

एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी आणि नव्या एसएसडीची वेगळी. एसएसडी वेगवान असते, पण फॉरमॅट होताच विंडोज तिला ट्रिम नावाचा हुकूम देते आणि ती रिकाम्या झालेल्या जागा स्वतःच साफ करू लागते. काही मिनिटांतही माल जाऊ शकतो. ज्यांचा हिशेब एसएसडीवर आहे, त्यांनी नंतर परत काढू या भरवशावर मुळीच राहू नये.

काम कसे करावे, कसे करून घ्यावे

योग्य रीत अशी. डिस्क यंत्रातून काढावी. तिची शब्दशः नक्कल, म्हणजे इमेज, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यावी. डिस्क कमजोर असेल, तर डीडीरेस्क्यूसारखे सॉफ्टवेअर वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अवघड जागा शेवटी घेते. मग सगळी शोधाशोध त्या नकलेवर करावी. सापडलेला माल तिसऱ्या जागी ठेवावा, मूळ डिस्कवर कधीही नाही.

शोध दोन प्रकारचा असतो. एकात जुनी पाटी आणि जुने रजिस्टर शोधून फाइली मूळ नाव आणि फोल्डरसह काढतात. दुसऱ्यात रजिस्टर नसतानाही फाइलीच्या ठेवणीवरून ती ओळखून उचलतात. फोटोरेक हे त्यातलेच. फोटो आणि पत्रे यांना दुसरा प्रकार चालतो. टॅलीला तो फारसा उपयोगी नाही. टॅलीमध्ये एका कंपनीचा हिशेब आकड्यांचे नाव असलेल्या एका फोल्डरात अनेक फाइलींत विभागलेला असतो. नावे गेली आणि फाइली सुट्या झाल्या, तर ते वहीची पाने फाडून पोत्यात भरल्यासारखे होते. म्हणून कारागिराला आधीच सांगावे की आम्हाला टॅलीचे पूर्ण फोल्डर नावासकट हवे आहे.

डिस्क कोणाच्या हाती देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. मूळ डिस्कची नक्कल करून मगच काम करणार का? पैसे घेण्यापूर्वी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवणार का, आणि त्यातली एखादी उघडून दाखवणार का? काहीच मिळाले नाही तर किती घेणार? काम झाल्यावर तुमच्याकडची आमची नक्कल पुसणार का? शेवटचा प्रश्न विसरू नये. गिऱ्हाइकांची नावे, फोन आणि उधारी ही त्यांची गोष्ट आहे. ती आपल्याकडे अमानत म्हणून आहे.

आमचे काय झाले

आमची डिस्क फिरती होती, हे नशीब. नव्या विंडोजने बहुतेक लिखाण डिस्कच्या सुरुवातीच्या भागात केले होते. डी चा भाग मागे होता, तो जवळजवळ पूर्ण मिळाला. मार्च २०२५ पर्यंतचा हिशेब हाती आला. एप्रिलपासूनचा चालू हिशेब सी मध्ये, म्हणजे नेमका नव्या मालाखाली. त्यातल्या काही फाइली सापडल्या, पण टॅलीने त्या उघडल्या नाहीत.

मग आम्ही तो हिशेब बाहेरून उभा केला. जीएसटीच्या पोर्टलवरून आमची भरलेली विवरणपत्रे उतरवली. जीएसटीआर-२बी मध्ये ठोक व्यापाऱ्यांनी आमच्या नावे दाखवलेली बिले मिळाली. बँकेचा उतारा मिळाला. गांधीबागच्या पार्ट्यांनी आपापल्या खात्याचे उतारे दिले. कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो, म्हणून हे काम टाळता येण्यासारखे नव्हते.

परंतु जे सरकारकडे नाही, बँकेत नाही आणि दुसऱ्या व्यापाऱ्याच्या वहीतही नाही, ते कुठून आणणार? शिंप्यांची उधारी आणि कारागिरांची मजुरी फक्त आमच्या यंत्रात होती. उधारी बुडाली तर आमचे नुकसान, ते आम्ही सोसू. पण मजुरी हे आमच्यावरचे देणे. आरीकाम करणाऱ्या भगिनींनी किती दुपट्टे दिले आणि आम्ही किती उचल दिली, हे आम्हाला सांगता येईना. देणेकऱ्याने लिहून ठेवावे हा दीनचा हुकूम लहानपणापासून ऐकलेला, आणि त्या दिवशी आमच्याकडे लिहिलेले काहीच नव्हते.

आम्ही एकेकीच्या घरी गेलो आणि खरे सांगितले. त्यांच्याकडे मुलांच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने खुणा होत्या, एका दुपट्ट्याला एक रेघ. आम्ही त्या रेघा मोजून पैसे दिले. आमच्या एवढ्या यंत्रापेक्षा ती पेन्सिल पक्की निघाली.

कागदाची गोष्ट फक्त आमच्यासारख्या लहान दुकानदारांची नाही. अमेरिकेतील अलास्का राज्याच्या महसूल खात्यात जुलै २००६ मध्ये एका तंत्रज्ञाने चुकून डिस्क फॉरमॅट केली आणि बॅकअपची डिस्कही केली. तिसरा आधार टेपचा होता, तो वाचता येईना. सुदैवाने मूळ अर्ज सुमारे ३०० खोक्यांत कागदावर होते. ते पुन्हा स्कॅन करावे लागले आणि खर्च दोन लाख डॉलरच्या वर गेला. बॅकअप नव्हता असे नाही. तो त्याच हाताच्या टप्प्यात होता आणि वाचून पाहिलेला नव्हता.

आता आमची शिस्त

रोज दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतो. दर शुक्रवारी तो दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि ती डिस्क घरी असते, दुकानात नाही. महिन्यातून एकदा तो बॅकअप मुलाच्या यंत्रावर उघडून पाहतो, कारण न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक. येणे-देण्याची यादी दर महिन्याला कागदावर छापतो. कारागिरांच्या मजुरीची एक वही त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, दोन्हींवर सही.

विंडोज टाकणारा आला, की आधी टॅलीच्या डेटाचा मार्ग कागदावर लिहून घेतो, बिटलॉकरची किल्ली छापून ठेवतो आणि बॅकअपची डिस्क यंत्रापासून काढून कपाटात ठेवतो. मगच त्याला हात लावू देतो. या सगळ्याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवून आमचे दोन महिने गेले.